कातड्याच्या वाद्या आणि राज्याची सीमा

ऐतिहासिक व्यक्तीच्या चरित्रात तिच्याही आधीचा, अनेक संस्कृतींत पुन्हा पुन्हा उमटणारा कथेचा साचा दिसू लागतो, तेव्हा समीक्षा त्या साच्याला ‘आदिबंध’ म्हणते. इतिहासाकडे या दृष्टीने पाहण्याची महाराष्ट्रातील परंपरा जुनी आणि सकस आहे. परमानंदाच्या संस्कृत ‘शिवभारता’त शिवराय विष्णूचे अवतार म्हणून येतात. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) उलट दिशेने जाऊन महाभारतातील पात्रांना माणसे म्हणून वाचले, तर रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये (१९८४) पंढरीच्या देवाचा माग गवळी-धनगरांच्या लोकदैवतापर्यंत नेला. या दोघांनी गूढाचा आदर राखला आणि पुराव्याची मागणीही सोडली नाही. आजच्या पुष्कळ लेखनात मात्र साम्य सापडले की शोध थांबतो आणि थोर पुरुष अवतार ठरला की त्याच्या काळाबद्दलचे प्रश्न मिटतात.

ही उणीव किती महागात पडते, हे पालघर जिल्ह्यातील जव्हारच्या स्थापनाकथेवरून कळते. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये नोंदलेल्या या कथेनुसार मुकणे येथील पौपेरा या कोळी सरदाराला पिंपरीच्या देवस्थानी पाच कोळी भिक्षेकऱ्यांनी जव्हारचा राजा म्हणून मुजरा केला. उत्तरेकडे बरीच वर्षे काढून परतल्यावर त्याने जव्हारच्या वारली नायकाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, आणि नायकाने होकार देताच त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून, त्या एकापुढे एक पसरून, नायकाचा सगळा मुलूख वेढला. पुढे १३४३ मध्ये दिल्ली दरबाराने या घराण्याला मान्यता दिली, आणि ही घटना इतकी मोलाची ठरली की तिच्यापासून संस्थानात स्वतंत्र सन मोजला जाऊ लागला.

हीच युक्ती कार्थेज वसवणाऱ्या डायडो राणीच्या कथेत आहे. तेथील बालेकिल्ल्याच्या ‘बिर्सा’ या नावाचा ग्रीक भाषेतील अर्थच ‘कातडे’ असा होतो. आदिबंधाचा अभ्यास येथेच संपवला, तर जव्हार हे दूरच्या समुद्रकाठच्या कथेची एक प्रत ठरते. खरा अर्थ फरकात आहे. जव्हारच्या कथेत जमीन गमावणाऱ्याची जमात सांगितली आहे, त्याला बदल्यात गंभीरगड आणि भोवतालचा मुलूख मिळाल्याचेही सांगितले आहे, आणि मागणाऱ्याला राजेपणाचा आशीर्वाद युक्तीच्या आधीच लाभला आहे. विजेत्याच्या बाजूने सांगितलेली ही कथा हरलेल्याने दिलेला शब्द मोडला नसल्याची साक्षही जपून ठेवते.

वारल्यांच्या पुढील इतिहासात त्या शब्दाचे पडसाद शोधता येतात. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जमीनदाराकडे राबणाऱ्यास या भागात ‘लग्नगडी’ म्हणत. येथेही एकदा दिलेल्या होकाराची वादी लांबत जाऊन सारे आयुष्य वेढले जाई. १९४५ च्या लढ्यात वारल्यांनी ती तोडली आणि त्यांना साथ देणाऱ्या गोदावरी परुळेकरांना त्यांनी ‘गोदाराणी’ म्हटले. या नावात राणीचा आदिबंध पुन्हा जागा होतो, मात्र ही राणी जमीन वेढणारी नसून वेढा सोडवणारी आहे. परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात मिथक आणि दस्तऐवज शेजारी शेजारी वाचता येतात, आणि मराठी लेखनाला आज याच वाचनाची निकड आहे.

जमिनीच्या सीमेचा प्रश्न अजूनही जिवंत आहे. २०१४ मध्ये पालघर जिल्हा स्वतंत्र झाल्यानंतर कोळगाव येथे जिल्ह्याचे मुख्यालय उभे राहिले. कसणाऱ्याच्या नावे वनजमीन व्हावी यासाठी २००६ च्या वनहक्क कायद्याखाली केलेल्या दाव्यांची वाट याच मुख्यालयापाशी येते, आणि त्या दाव्यांत शेताच्या चारही बाजूंच्या खुणा लिहाव्या लागतात. पौपेऱ्याची कथा गूढ म्हणून पूजणाऱ्या किंवा भाकड म्हणून टाकणाऱ्या लेखकाला त्या चार खुणांमागचे भय दिसणार नाही. वाद्यांच्या आत कोण राहिले, हे विचारणाऱ्यालाच ते दिसेल.