बिल्ददाचे वचन आणि रोजचे मनन

सकाळी बायबलमधील एखादे वचन वाचायचे आणि त्यावर थोडा वेळ मनन करायचे, ही ख्रिस्ती घरांतील जुनी पद्धत. दिनदर्शिका, छोटी मननपुस्तिका, आता मोबाइलवर येणारा संदेश, अशी साधने बदलत गेली. या निवडक वचनांत ईयोब, स्तोत्रसंहिता, नीतिसूत्रे आणि उपदेशक या काव्य व ज्ञानग्रंथांना हमखास जागा मिळते. त्यांतील वाक्ये आटोपशीर, लयीची आणि चटकन पाठ होणारी असतात. त्यामुळेच ती सुटी करून वाचण्याचा मोह होतो. माझ्या मते या ग्रंथांचे सर्वाधिक नुकसान याच सवयीने केले आहे.

ईयोबाच्या आठव्या अध्यायातील सातवे वचन पाहा. सुरुवात अल्प असली तरी पुढे भरभराट होईल, असा त्याचा आशय. नव्या दुकानाला किंवा नव्या संसाराला शुभेच्छा देताना हे वाक्य शोभून दिसते. पण ते बोलतो कोण? ईयोबाचा मित्र बिल्दद शूही. आणि कोणाला? घर कोसळून ज्याचे सात मुलगे आणि तीन मुली एकाच दिवशी गेल्या, त्या बापाला. याच भाषणात, अवघी तीन वचने आधी, बिल्दद त्याला सुचवतो की तुझ्या मुलांनी पाप केले असेल आणि त्याचेच फळ त्यांना मिळाले. म्हणजे भरभराटीचे ते आश्वासन एका भयंकर अटीला बांधलेले आहे: मुले दोषी होती हे मान्य कर, तू स्वतः शुद्ध हो, मग तुझे भले होईल.

ग्रंथाच्या शेवटी, बेचाळिसाव्या अध्यायाच्या सातव्या वचनात, देवाचा निवाडा येतो. अलीफज तेमानी आणि त्याचे दोन्ही मित्र आपल्याविषयी यथार्थ बोलले नाहीत, असे देव स्पष्ट सांगतो. रोज एक अध्याय वाचणाऱ्याला बिल्ददाचे भाषण आठव्या दिवशी भेटते आणि निवाडा बेचाळिसाव्या दिवशी. मधले 34 दिवस धीर धरणाऱ्यालाच कळते की ज्याला आपण आशीर्वाद समजलो, तो दोषी ठरलेल्या माणसाच्या तोंडचा आहे. एकच वचन वाचणाऱ्याला तो दिवस कधी उजाडत नाही.

यावर एक आक्षेप येऊ शकतो. मित्रांचे बोलणे सरसकट टाकाऊ कसे म्हणायचे? करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने अलीफजाचेच एक वाक्य शास्त्रवचन म्हणून आधाराला घेतले आहे. आक्षेप रास्त आहे, आणि त्यानेच मुद्दा अधिक नेमका होतो. मित्रांची वाक्ये सुटी घेतली तर बहुधा खरी वाटतात. चुकते ते त्यांचे ठिकाण. खरे वाक्य चुकीच्या माणसापुढे चुकीच्या वेळी उच्चारले की ते घाव घालते. मत्तयाच्या शुभवर्तमानात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि उडी टाकायला सांगतो, तेव्हा तो आधार देतो एक्याण्णवाव्या स्तोत्राचा. अवतरण चुकलेले नाही. हेतू मात्र सैतानाचा आहे.

ज्ञानग्रंथांना हा धोका ठाऊक होता. नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात चौथे वचन मूर्खाला उत्तर देऊ नको म्हणते आणि पाचवे म्हणते, दे. ही संकलकाची गफलत नाही. कोणते वचन केव्हा लागू पडते हे ओळखणे, हेच शहाणपण. त्याच अध्यायात मूर्खाच्या तोंडच्या सूत्राची तुलना दारुड्याच्या हातातील काट्याशी केली आहे. उपदेशकाच्या तिसऱ्या अध्यायात तर रडणे आणि हसणे, बोलणे आणि गप्प राहणे, अशा चौदा जोड्या मांडून प्रत्येकीला तिचा काळ नेमून दिला आहे.

जुन्या उपासनाक्रमांत निवडीला फारसा वाव नव्हता. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांना दर आठवड्याला 150 स्तोत्रे पूर्ण करण्याचा नियम घालून दिला. इंग्लंडच्या चर्चच्या 1549 च्या प्रार्थनापुस्तकाने तीच स्तोत्रे महिन्याभरात विभागली. आपल्याकडे पारायण करणारा नावडता अध्याय वगळत नाही, तसेच हे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारात संपते; त्यात शेवटपर्यंत दिलासा नाही. कॅथलिक चर्चच्या सध्याच्या नित्यप्रार्थनेत ते दर शुक्रवारी रात्री येतेच. मात्र याच नित्यप्रार्थनेच्या 1971 च्या सुधारित रूपातून शापवाणीची 58, 83 आणि 109 ही तीन स्तोत्रे पूर्णपणे वगळली गेली. निवडीचा मोह अशा ठिकाणीही शिरतो.

एक ओळ कोणालाच तारत नाही, असे मी म्हणत नाही. रुग्णालयाच्या बाकावर रात्र काढणाऱ्याला बेचाळीस अध्याय वाचायला सांगणे निर्दयपणाचे ठरेल. तेविसाव्या स्तोत्राची एक ओळ त्याला पुरते, आणि ती पुरावीच. पण त्याच बाकावरच्या माणसाच्या हाती बिल्ददाची ओळ ठेवली, आणि कुतूहलाने त्याने आधीची तीन वचने वाचली, तर काय होईल याचा विचार मननपुस्तिका तयार करणाऱ्यांनी करायला हवा.

उपाय अवघड नाही. ईयोबातील वचन छापताना खाली अध्याय व वचन यांच्या अंकांबरोबर बोलणाऱ्याचे नाव द्यावे: बिल्दद, अलीफज, सोफर, अलीहू, ईयोब किंवा देव. नीतिसूत्रांतील ते वचन देताना त्याच्या शेजारचे विरोधी वचनही द्यावे. स्तोत्रे ओळीने घ्यावीत, विलापाचीसुद्धा. वाचणाऱ्यानेही मननाला बसताना आधी विचारावे की हे कोण, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी म्हणत आहे. आणि दुःखात असलेल्या माणसाला वचन पाठवण्यापूर्वी ईयोबाचा दुसरा अध्याय आठवावा. हेच तिघे मित्र सुरुवातीला सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून होते, आणि त्या काळात एकानेही तोंडातून शब्द काढला नव्हता.