वर्ड उघडायचं की प्रकरण? संशोधकाच्या डेस्कटॉपची चिकित्सा

संगणक सुरू केला की तो आपल्याला विचारतो, कोणता प्रोग्राम उघडू? आपल्या डोक्यात मात्र काम असतं: "तिसरं प्रकरण पुढं न्यायचंय." त्या प्रकरणाचा मजकूर वर्डमध्ये, तक्ते एक्सेलमध्ये, मुलाखती मोबाईलच्या रेकॉर्डरमध्ये आणि गाईडच्या दुरुस्त्या व्हॉट्सॲपवर. एकाच कामाचे तुकडे चार घरी नांदतात. त्यांचं एकमेकांशी नातं काय, हे फक्त आपल्यालाच माहीत, तेही आठवेल तोवर.

या अडचणीवर संगणक क्षेत्रात चाळीस वर्षांहून जास्त काळ काम चाललंय. त्यात दोन कल्पना आहेत. एक, दस्तऐवज-केंद्री मांडणी: आपण प्रोग्राम न उघडता थेट कागद उघडायचा. दुसरी, प्रकल्प-केंद्री मांडणी: एका कामाचे सगळे कागद एकत्र दिसायचे. तीन प्रयत्न बघू. तपासायला एक उदाहरण धरू. समजा, तुम्ही १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसन झालेल्या लोहारा-उमरगा भागातल्या गावांवर पीएच.डी. करताय. एका कुटुंबाचा सातबारा तुमच्या हातात आहे. तो जमिनीच्या प्रकरणात लागतो, स्त्रियांच्या मालकीच्या प्रकरणात लागतो आणि परिषदेच्या पेपरातही लागतो.

पहिला प्रयत्न १९८१ चा, झेरॉक्स कंपनीचा 'स्टार' संगणक. पडद्यावर कागद, फोल्डर, टपालाच्या पेट्या. कागदाच्या चित्रावरून थेट कागद उघडायचा, प्रोग्राम मागे राहायचा. ही मोठीच झेप होती. पण खऱ्या टेबलाची नक्कल करताना टेबलाची मर्यादाही सोबत आली: एक कागद एकाच फोल्डरमध्ये. आपला सातबारा तीन ठिकाणी हवा, तर काय करायचं? त्याची झेरॉक्सच काढायची! आज आपल्या संगणकातही तेच चालतं. तीन प्रती होतात, एकीवर टीप लिहिली जाते आणि उरलेल्या दोन जुन्याच राहतात.

दुसरा प्रयत्न ॲपलच्या पुढाकाराने नव्वदच्या दशकात आलेला 'ओपनडॉक'. एकाच दस्तऐवजात मजकूर, तक्ता आणि चित्र. प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा छोटा संपादक. संशोधकाला हवं तेच. पण ते मेमरी खूप खायचं आणि १९९७ साली ॲपलने ते थांबवलं. माझ्या मते खरी अडचण पुढची होती. दस्तऐवज कितीही हुशार केला, तरी प्रबंध म्हणजे एक दस्तऐवज नव्हे. शेकडो कागदांमधलं नातं कुठं लिहायचं, याचं उत्तर ओपनडॉककडे नव्हतं.

तिसरा प्रयत्न महाराष्ट्रात येऊन गेलाय. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेचे लॅपटॉप २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या खैराट गावच्या शाळेत पोचले. त्यावरच्या 'शुगर' प्रणालीत मुलाला फोल्डर दिसत नसत, 'जर्नल' दिसे. मूल जे करेल त्याची नोंद वेळेच्या क्रमाने आपोआप तिथं पडे आणि नोंदीवर क्लिक केलं की ते काम पुन्हा सुरू होई. 'सेव्ह कुठं करू?' हा प्रश्नच संपला. पण ही दुकानातली रोजकीर्द झाली, खतावणीशिवायची. नोंदीला नाव आणि खुणेचे शब्द देता येत. 'हे सगळं मिळून एक काम' असं सांगायची सोय सुरुवातीच्या आवृत्त्यांत नव्हती. चित्र काढायला हे पुरतं. तीन-चार वर्षं चालणाऱ्या प्रबंधाला पुरत नाही.

आता त्या सातबाऱ्याकडेच बघा. तो फक्त आपला पुरावा नाही, एका चांगल्या मांडणीचा नमुनाही आहे. जमिनीत बदल झाला की फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, क्रमाने नोंद होते. त्या नोंदीचा क्रमांक सातबाऱ्यावर येतो. सातबारा गटाप्रमाणे माहिती दाखवतो, तर ८अ खातेदाराप्रमाणे. व्यवहार एक, पाहायच्या दिशा तीन. शिवाय कमी झालेलं नाव पूर्वी कंसात राहायचं, आता आडवी रेघ मारून खोडलेलं दिसतं, म्हणजे जुनी अवस्थाही वाचता येते. तलाठी कार्यालयात चुका होतात, नोंदी अडकतात, ते सगळं खरं. पण मांडणी पक्की आहे. तिन्ही प्रयत्नांत नेमकं हेच एकत्र आलं नाही. प्रकल्प ही पेटी समजली की कागदाच्या प्रती वाढतात. प्रकल्प हा ८अ सारखा उतारा समजला की कागद जागेवर राहतो आणि हवा तिथं दिसतो.

"एवढं कशाला? सर्च आहे की!" हा आक्षेप नेहमी येतो. मराठी संशोधकाला तो फारसा उपयोगी नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आपण युनिकोडमध्ये टाइप करून शोधला तर सापडत नाही. स्कॅन केलेला शासन निर्णय संगणकाच्या दृष्टीने नुसतं चित्र. आणि २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं. 'धाराशिव' शोधलंत तर 'उस्मानाबाद' लिहिलेले सगळे जुने कागद निसटले. म्हणजे कागदाविषयीची माहिती कागदाबाहेर, माणसाने लिहिलेली असावी लागते.

तयार प्रणालीची वाट बघू नका. मूळ कागद एकाच जागी ठेवा, त्याला क्रमांक द्या, नाव पुन्हा बदलू नका. तारखेप्रमाणे एक साधी नोंदवही ठेवा: कोणता कागद, कुठून आला, कोणत्या भाषेत, गावाची जुनी-नवी नावं. प्रत्येक प्रकरणासाठी वेगळी यादी करा, तिच्यात फक्त क्रमांक लिहा. झोटेरोत एकच नोंद अनेक संग्रहांत ठेवता येते, तेही हेच तत्त्व.

कोणतंही नवं सॉफ्टवेअर कुणी सुचवलं, तर त्याला व्हायवातला प्रश्न विचारून बघा: "हा आकडा कुठून आला?" प्रकरणातल्या वाक्यापासून मूळ कागदापर्यंत आणि त्या कागदापासून तो वापरलेल्या प्रत्येक प्रकरणापर्यंत जाता आलं, तर ते घ्या. नाहीतर दोनशे पानी वही बरी.