विरहाची पत्रे आणि जहाजाचा तळ

जॉन न्यूटनने १७५० ते १७५४ या काळात गुलामवाहू जहाजांचा कप्तान म्हणून तीन सफरी केल्या. त्यांच्या दोन संहिता उपलब्ध आहेत: जहाजाची रोजनिशी आणि पत्नी मेरीला लिहिलेली पत्रे. रोजनिशीत मृत बंदिवानांची नोंद क्रमांकाने होते. पत्रांत विरहाची व्याकुळता आहे. या दुभंगाला केवळ दांभिकता म्हणणे अपुरे ठरते. कौटुंबिक पत्र हा लेखनप्रकारच येथे भिंतीचे काम करतो. पत्नीवियोगाला तो भाषा पुरवतो; तळात कोंबलेल्या माणसांचेही संसार तुटले आहेत, हे सत्य मात्र बव्हंशी परिघावर ठेवतो. वस्तुतः त्या संसारांच्या विध्वंसावरच कप्तानाच्या घराची तजवीज अवलंबून होती.

मेरी १७९० मध्ये वारली. पत्रे न्यूटननेच १७९३ मध्ये प्रकाशित केली. तत्पूर्वी, १७८८ मध्ये, त्याने गुलामव्यापाराचा जाहीर निषेध केला होता. म्हणजे पत्रलेखक आणि संपादक यांच्या नैतिक भूमिकांत मोठे अंतर आहे. वाचकाला ही पत्रे त्या अंतरातूनच वाचावी लागतात. शिवाय ग्रंथात स्वर केवळ पतीचा आहे.

सामान्य खलाशांच्या बायकांना एवढेही स्थान लाभले नाही. थॉमस क्लार्कसनने १७८७ मध्ये ब्रिस्टल व लिव्हरपूल येथे हजेरीपटांवरून खलाशांच्या मृत्यूंचा हिशेब मांडला. त्या पटांत नावे आहेत, मागे उरलेल्यांचा शोक नाही. बंदिवानाला क्रमांक, खलाशाला नाव आणि कप्तानाला अंतःकरण, ही उतरंड लेखनाच्या अधिकारातून निर्माण झाली आहे. विरहाच्या वाङ्मयाचे मूल्यमापन तिला वगळून करता येणार नाही.