वडगाव ते खडकी : मैत्रीच्या एका तहाचे वाचन

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने वडगाव मावळपासून खडकीपर्यंतचे अंतर साधारण तीस किलोमीटर. मध्ये तळेगाव, देहूरोड, आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, दापोडी. तळेगावाहून एक फाटा चाकणला जातो. आज हा सारा टापू कारखान्यांचा आहे. याच रस्त्याच्या वरच्या टोकाला, वडगावात, जानेवारी १७७९ मध्ये मुंबईकर इंग्रजांची फौज मराठ्यांच्या वेढ्यात सापडून तहाला तयार झाली. खालच्या टोकाला, खडकीवर, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी मराठ्यांच्या पेशव्याची फौज आपल्याच दोस्ताच्या पलटणींवर चालून गेली आणि त्यानंतर पंधरवड्याच्या आत पुणे हातचे गेले. या दोन टोकांमधली अडतीस वर्षे हा मराठी लेखकांचा आवडता विषय आहे. बलाढ्य दोस्तावरचा विश्वास कसा उडत गेला, हे त्यांनी अनेकदा सांगितले. तो उडाल्यावर करण्यासारखे काही का उरले नव्हते, हा प्रश्न मात्र आपल्या वाङ्मयाने फारसा लावून धरलेला नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तो आहे.

वडगावचा प्रसंग सर्वपरिचित आहे. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी निघालेले इंग्रज तळेगावापर्यंत पोहोचले. पुढे रसद मिळेना. तेव्हा जड तोफा तळ्यात टाकून रातोरात ते मागे फिरले आणि वडगावात कोंडले गेले. १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत करायचे आणि राघोबांना आश्रय द्यायचा नाही, असे त्यांनी लिहून दिले. हा करार पुढे वरिष्ठांनी मानलाच नाही. सही करणाऱ्यांना तसा अधिकार नव्हता, असे सांगितले गेले. सुरतेच्या तहाने १७७५ मध्ये ज्याला हाताशी धरले, त्याला अडचणीच्या दिवशी सोडून द्यायचे. आणि अडचण टळताच सोडल्याचा कागदही नाकारायचा. दोस्ताची ही रीत या रस्त्यावर सर्वांच्या डोळ्यांदेखत घडली. तरीही मराठी राज्य तेव्हा कोलमडले नाही, कारण नाना फडणीस आणि महादजी शिंदे एकमेकांशी पटत नसतानाही एका बाजूला उभे होते, आणि हैदराबाद, म्हैसूर, नागपूर या दरबारांशी बोलणे करण्याची मोकळीक पुण्याला होती. १७८२ चा सालबाईचा तह त्या मोकळिकीतून निघाला.

याच राघोबांचा मुलगा दुसरा बाजीराव ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस त्याच इंग्रजांशी तह करतो. दोन महिने आधी यशवंतराव होळकरांनी हडपसरला त्याच्या आणि शिंद्यांच्या फौजा मोडल्या होत्या. पुणे सुटले होते. या तहाकडे मराठीत 'स्वातंत्र्य विकल्याचा कागद' म्हणून पाहिले जाते. पण तो कागद म्हणून क्वचितच वाचला जातो. वाचला तर पहिली नजर जाते ती त्याच्या भाषेवर. सारी भाषा बरोबरीची आहे : एकाचे मित्र ते दोघांचे मित्र, एकाचे शत्रू ते दोघांचे शत्रू. कलमे मात्र एका बाजूला झुकतात. किमान सहा हजार पायदळ पेशव्यांच्या मुलखात कायम राहणार. त्याच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपियनांना नोकरीत ठेवायचे नाही. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांत कंपनीचा निवाडा मानायचा. आणि कंपनीला आधी कळवल्याशिवाय, तिच्याशी विचारविनिमय केल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणे करायचे नाही.

हे शेवटचे कलम सर्वांत महागाचे. फौज परत पाठवता येते, मुलूख पुन्हा जिंकता येतो. पण चार ठिकाणी बोलण्याची सवय मोडली की ती एका मोसमात परत येत नाही.

मराठी लेखकांनी या काळाचे काय केले? पेशवाई बुडाल्याला शंभर वर्षे झाली त्या सुमारास, १९१८ मध्ये न. चिं. केळकरांचे 'मराठे व इंग्रज' आले. पुढे याच मावळातल्या कामशेतला राहून रियासतकार सरदेसाई मराठ्यांचा इतिहास लिहीत राहिले. पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे खंड त्यांनी आणि जदुनाथ सरकारांनी संपादून अभ्यासकांच्या हाती दिले. सामान्य वाचकाच्या मनावर मात्र ठसा उमटवला तो ना. सं. इनामदारांनी. 'झेप' त्रिंबकजी डेंगळ्यांची, 'झुंज' यशवंतराव होळकरांची, 'मंत्रावेगळा' दुसऱ्या बाजीरावाची. तिघेही बदनाम झालेले पुरुष. त्यांना न्याय मिळवून देणे हे इनामदारांचे मोठे काम, आणि त्याचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु बदनामी आणि तिचे निवारण या दोन्हींचे माप एकच आहे : माणसाचा स्वभाव. बखरकाराचा बाजीराव भित्रा आणि विलासी म्हणून राज्य बुडवतो. कादंबरीतला बाजीराव परिस्थितीने घेरलेला म्हणून त्याच्याविषयी कणव वाटते. तह दोन्हीकडे नायकाच्या नशिबातला एक प्रसंग होतो. तीन कादंबऱ्या तीन नायकांच्या बाजूने उभ्या राहतात, आणि तिघांना एकाच कागदाने बांधले होते हे वाचकाला आपले आपण जुळवावे लागते.

गंगाधरशास्त्री पटवर्धनांचे प्रकरण घ्या. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. आपल्याकडे ही कथा कटाची, त्रिंबकजींच्या दोषाची अथवा निर्दोषत्वाची, ठाण्याच्या तुरुंगातून त्यांनी केलेल्या पलायनाची म्हणून रंगते. पण शास्त्री पुण्यास आले होते ते गायकवाड-पेशवे हिशेबाच्या वादासाठी, आणि इंग्रजांच्या हमीवर. गायकवाड हा पेशव्यांचाच सरदार. त्याच्याकडची बाकी मागताना मध्ये तिसरा माणूस बसला, तो वसईच्या कलमाने. खुनाला माफी नाही. मात्र पेच उभा राहिला तो तेरा वर्षांपूर्वीच्या सहीतून. पुढे जून १८१७ च्या पुणे तहाने मराठेशाहीचे प्रमुखपणच सोडून द्यावे लागले. त्या वेळी बाजीरावाचा इंग्रजांवर विश्वास उरला नव्हता. गुप्त निरोप जात होते. पण शिंदे, होळकर, भोसले जो तो आपापल्या वेगळ्या तहात अडकला होता. अविश्वास होता, त्याला जायला वाट नव्हती.

हा जुना विषय आज काढण्याचे कारण उघड आहे. मे २०२५ पासून अमेरिकेने मोटारींच्या सुट्या भागांवर २५ टक्के आयातशुल्क बसवले, आणि २७ ऑगस्टपासून भारताच्या अनेक वस्तूंवर ते ५० टक्क्यांवर नेले. त्यातले निम्मे रशियाचे तेल घेतल्याबद्दल. कोणाशी व्यवहार करावा, हे दोस्ताने सांगावे, ही भाषा वसईचा तह वाचलेल्याला अनोळखी वाटणार नाही. तुलना इथेच थांबवली पाहिजे. आजच्या भारताने तसे कलम कुठे लिहून दिलेले नाही. परकी फौज आपल्या खर्चाने इथे बसलेली नाही. बोलण्याची वाट मोकळी आहे, आणि १७७९ व १८०२ मधला फरक नेमका तेवढाच होता.

तरी वाट मोकळी असणे पुरेसे नाही, हेही याच रस्त्यावर दिसते. तळेगावातल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातले उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. चिनी कंपनीने तो घेण्याचे ठरवले होते. सीमेवरच्या तणावानंतर ते बारगळले. अखेर कोरियाच्या ह्युंदाईने घेतला. एक गेला, दुसरा अडला, तिसरा आला. राज्याच्या दृष्टीने हिशेब जुळला. जुन्या कामगारांना मात्र आपल्या हिशेबासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली.

इथे आपल्या वाङ्मयातली दुसरी उणीव लक्षात येते. वसईच्या तहात पेशव्याचे काय झाले, यावर आपण कादंबऱ्या लिहिल्या. २६ लाखांचा मुलूख एका सहीने दोस्ताच्या नावे लिहिला गेला, त्यातल्या रयतेचे काय झाले, यावर नाही. बाजीरावाला अखेर सालाना आठ लाखांचे पेन्शन आणि बिठूरचा वाडा मिळाला. दोस्ती मोडते तेव्हा सही करणाऱ्याची कुठे तरी सोय होते. ज्यांना सहीपूर्वी कोणी विचारले नव्हते, त्यांच्या बाजूने तो कागद वाचायचे काम मराठीत अजून व्हायचे आहे.