यादीतील शब्द आणि वाक्यातील शब्द

अमेरिकेतील विद्यापीठांत उच्च अध्ययनासाठी जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती पुष्कळदा शब्दांची एखादी यादी दिसते. डावीकडे अपरिचित इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा एक प्रतिशब्द, आणि या जोड्यांचे नित्य पाठांतर, असा हा उपक्रम असतो. 'ग्रॅज्युएट रेकॉर्ड एक्झामिनेशन' अर्थात जी. आर. ई. या प्रवेशपरीक्षेच्या भाषिक विभागाची तयारी ती हीच, अशी समजूत रूढ झाली आहे. या समजुतीच्या मुळाशी शब्दार्थाविषयी जी कल्पना आहे तिची चिकित्सा करणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

ही समजूत सर्वस्वी निराधार होती, असे मात्र म्हणता यावयाचे नाही. १९३६ साली सुरू झालेली ही परीक्षा आज 'एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस' ही संस्था चालविते. २०११ सालापर्यंत तिच्या भाषिक विभागात, अन्य प्रश्नांबरोबर, दिलेल्या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द ओळखणे आणि दोन शब्दांमधील संबंधासारखाच संबंध असलेली दुसरी जोडी शोधणे, असे दोन प्रकार असत. या दोहोंत शब्द वाक्यावाचून एकटा उभा असे. साहजिकच यादी कामी येई. २०११ च्या ऑगस्टमध्ये परीक्षेची पुनर्रचना झाली आणि हे दोन्ही प्रकार वगळण्यात आले. परीक्षा बदलली, तयारीची रीत मात्र पुष्कळ अंशी तीच राहिली.

आज तीन प्रकारचे प्रश्न येतात: उताऱ्याचे आकलन, रिकाम्या जागांची पूर्ती आणि वाक्यांची समानार्थता. यांपैकी तिसरा प्रकार आपल्या विवेचनाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. एका वाक्यात एकच जागा रिकामी असते. सहा पर्यायांतून असे दोन शब्द निवडावयाचे की, त्यांनी पूर्ण झालेली दोन्ही वाक्ये एकाच अर्थाची ठरावीत. यादी पाठ केलेला विद्यार्थी पर्यायांतील समानार्थी जोडी हेरतो आणि तीच उत्तर म्हणून देतो. परंतु परस्परांशी जुळणारी, पण त्या वाक्याशी न जुळणारी जोडीही पर्यायांत असू शकते. उलटपक्षी, कोशात समानार्थी म्हणून न दिलेले दोन शब्द त्या विशिष्ट वाक्यात एकाच अर्थास पोचू शकतात. म्हणजे समानार्थता येथे शब्दांची नव्हे, वाक्यांची तपासली जाते.

हा भेद आपल्या परंपरेस अपरिचित नाही. शब्द प्रथम आपापले अर्थ सांगतात व मग त्या अर्थांचा अन्वय होतो, हे भाट्ट मीमांसकांचे मत. शब्द अन्वित झालेलाच अर्थ सांगतात, हे प्राभाकरांचे. यादीचा पक्ष वरवर पाहता भाट्टांच्या बाजूचा वाटतो. तथापि असे म्हणणे भाट्टांवर अन्याय करणारे ठरेल. कारण आकांक्षा, योग्यता व संनिधी यांवाचून वाक्यार्थ सिद्ध होत नाही, हे त्यांनाही मान्यच होते. यादीमध्ये या तिहींपैकी एकालाही स्थान नाही. पाठांतराचे समर्थन करण्यासाठी कोणी अमरकोशाचा दाखला देईल. परंतु अमरकोश मुखोद्गत करणारा विद्यार्थी पुढे रघुवंशाकडे वळत असे. कोश हे काव्यवाचनाचे साधन होते, त्याचा पर्याय नव्हे.

मराठी भाषकाच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते, आणि ती अपरिचित शब्दांची नसून परिचित शब्दांची आहे. एखादा परकी शब्द भाषेत येतो तेव्हा तो बहुधा आपल्या अनेक अर्थांपैकी एखादाच घेऊन येतो. कर्ज 'सँक्शन' झाले, असे आपण म्हणतो तेव्हा मंजुरी हाच अर्थ आपल्या मनात असतो. इंग्रजीत त्याच शब्दाचा दंडात्मक निर्बंध असाही अर्थ आहे. आपल्याकडे 'क्वालिफाय' होणे म्हणजे पात्र ठरणे. पण समीक्षकाने एखाद्या ग्रंथाची 'क्वालिफाइड' स्तुती केली, तर ती अधिकारी व्यक्तीची स्तुती नव्हे, हातचे राखून केलेली स्तुती होय. आपला 'टेंपर' रागाचा. इंग्रजीत क्रियापद म्हणून तोच शब्द सौम्य करणे या अर्थी येतो. असे शब्द विद्यार्थी यादीत शोधीत नाही, कारण ते आपणांस येतात अशी त्याची खात्री असते. म्हणून न कळणाऱ्या शब्दापेक्षा कळल्यासारखा वाटणारा शब्द अधिक घातक होय.

या परीक्षेचे आम्ही मंडन करीत आहो, असा गैरसमज होऊ नये. २०२३ च्या सप्टेंबरपासून भाषिक विभागात २७ प्रश्न असून त्यांस अवघी ४१ मिनिटे मिळतात. पहिल्या भागात १२ प्रश्न १८ मिनिटांत सोडवावयाचे, म्हणजे प्रत्येकी दीड मिनिट. संशोधकाचे वाचन असे धावते नसते. एका परिच्छेदापाशी तो दिवसभर थांबेल. अलीकडे अनेक विद्यापीठीय विभागांनी या परीक्षेची अट शिथिल केली वा काढून टाकली आहे. तिची ही मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट उरतेच: 'जरी', 'तथापि', 'किंबहुना' यांसारख्या अव्ययांनी वाक्य कोठे वळते, लेखक प्रतिपक्षाचे मत केव्हा मांडतो आणि स्वतःचे केव्हा, हे ज्याला कळत नाही त्याला शोधनिबंधही कळणार नाही.

तेव्हा विद्यार्थ्याने काय करावे? यादी फेकून द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. यादीतील शब्द भेटला की तो ज्या वाक्यात आला त्या वाक्यासह टिपून घ्यावा. त्याच्या शेजारी कोणते शब्द वारंवार येतात ते पाहावे. आणि रोज एक गंभीर लेख, आपल्या विषयाबाहेरचा, तर्काचा दुवा न सोडता वाचावा. रिकामी जागा भरताना पर्यायांकडे पाहण्यापूर्वी तेथे काय हवे, ते आधी स्वतःच्या शब्दांत, हवे तर मराठीत, म्हणून पाहावे. परीक्षा संपल्यावर पाठ केलेली यादी विसरली जाते. वाक्य वाचण्याची सवय मात्र विद्यार्थ्याबरोबर पुढे जाते. प्रबंधाच्या वर्षांत तीच त्याच्या उपयोगी पडणार आहे.