घरातला विरोधक आणि आपली समीक्षा

दलित साहित्याची समीक्षा करताना आपण एक गोष्ट गृहीत धरून चाललो आहोत. ती ही की, दलित कुटुंब राजकीयदृष्ट्या एकजीव असते. संघर्ष गाव आणि वस्ती यांच्यात. घरात भूक, दारू आणि आईचे कष्ट. एकाच घरात दोन राजकीय मते असतात आणि ती माणसे एका पंगतीला जेवतात, हे वास्तव आपल्या समीक्षेने विचारातच घेतलेले नाही.

मी शिरूरला शिकवतो. घरातला पहिला पदवीधर. माझी फी दौंडच्या चुलत्यांच्या, तात्यांच्या, रेल्वेच्या पगारातून गेली. तात्या जुने रिपब्लिकन. त्यांच्या गटाने भाजपशी केलेली युती त्यांना मान्य आहे. मला ती शरणागती वाटते. ते म्हणतात, "बाळा, तुझी नोकरी पक्की, म्हणून तुला तत्त्व परवडतं. वस्तीतल्या पोराचं जातीचं सर्टिफिकेट अडलं तर तहसीलला फोन कुणी करायचा?" माझे म्हणणे, फोनने मिळते ती मेहेरबानी, ती दर वेळी नव्याने मागावी लागते. हक्क तसा मागावा लागत नाही. पण हे उत्तर 'गद्दार' या शब्दात मावत नाही, आणि आपले तरुण कार्यकर्ते नेमका तोच शब्द वापरतात.

2024 साली दौंड ज्या बारामती लोकसभा मतदारसंघात येते, तिथे सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार या नणंद-भावजया समोरासमोर होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला अजित पवार आणि युगेंद्र पवार हे काका-पुतणे. वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. त्या घराण्यात मतभेद झाला तर ते राजकारण ठरते. आमच्या घरात झाला की माणूस 'विकला गेला'. प्रस्थापितांनी आमच्या पुढाऱ्यांसाठी वापरलेली ही मोजपट्टी आपण उचलली आणि आपल्याच चुलत्यांना लावली!

रिपब्लिकन पक्ष 3 ऑक्टोबर 1957 ला स्थापन झाला आणि दोनेक वर्षांत 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असा फुटला. त्या काळात सख्खे भाऊ दोन गटांत गेले असतील, तर त्यांच्या घरची लग्ने कशी लागली? आत्मकथनांत हे शोधू लागलो की हाती फार थोडे लागते. पँथरमधला बुद्ध की मार्क्स हा वाद 1974 च्या फुटीपर्यंत गेला. त्याची पत्रके आपण जपली, पण त्या वादाने घराघरांत काय केले ते जपले नाही. मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (1984) या दृष्टीने वाचायला हवे. कम्युनिस्ट शाहिराची मुलगी पँथरच्या नेत्याच्या घरात राहून चळवळीची झडती घेते. आपण मात्र ते नवरा-बायकोचे भांडण म्हणून बाजूला ठेवतो. ही सोय आहे, समीक्षा नव्हे.

रमाईंना पंढरपूरला जायचे होते. बाबासाहेबांनी नकार दिला आणि दुसरे पंढरपूर निर्माण करू म्हणाले, हे आपण सभेसभेतून सांगतो. सांगताना बाबासाहेबांचे उत्तर उरते, रमाईंची इच्छा गळते. 1935 च्या मे महिन्यात त्या गेल्या. येवल्याची घोषणा त्याच वर्षी ऑक्टोबरात झाली. एका घरात दोन श्रद्धा राहिल्या, आणि त्यासाठी रमाईंना कुणी प्रतिगामी म्हटलेले नाही.

याचा अर्थ सगळेच पोटात घालावे असा नाही. 1 जानेवारी 2018 ला कोरेगाव भीमा, सणसवाडी भागात आपल्या माणसांवर दगड पडले, गाड्या जळाल्या. ते घडलेच नाही म्हणणाऱ्याशी माझे जमणार नाही, मग तो सख्खा का असेना. तात्यांनी तसे कधी म्हटलेले नाही. पेरण्याच्या जयस्तंभाला ते येतात, आपल्या गटाच्या तंबूत बसतात. संध्याकाळी मुक्कामाला माझ्याकडे शिरूरला.

असा तात्या आपल्या कथेत खलनायक किंवा मूर्ख न होता कधी येणार? यंदा विद्यार्थ्यांना मी सांगितले, घरात जो आपल्याविरुद्ध मत देतो त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत दोन पाने लिहून आणा. चौघांनी आणले. बाकीचे म्हणाले, सर, आम्ही कधी विचारलंच नाही.