बिघाडाची भाषा : वर्डप्रेसमधील सूचनावाक्ये

महाविद्यालये, ग्रंथालये व छोटी नियतकालिके आपली संकेतस्थळे उभारताना पुष्कळदा वर्डप्रेस या मुक्त प्रणालीचा आश्रय घेतात. स्थळाचे दर्शनी रूप ठरविणारा जो संच, ज्यास सर्वत्र ‘थीम’ म्हणतात, तो बिघडला की पूर्वी पडदा नुसता कोरा पडत असे. मे २०१९ मधील ५.२ या आवृत्तीपासून प्रणाली बोलू लागली. वाचकास गंभीर बिघाडाची वार्ता मिळते. कोणत्या थीमच्या कोणत्या फाइलीत, कितव्या ओळीवर घात झाला, हे व्यवस्थापकास ई-पत्राने कळते. सुधारणा मोठी, यात शंका नाही. तथापि हे पत्र मराठीत उतरविताना जी अडचण उद्भवते ती तंत्राची नसून व्याकरणाची आहे.

मूळ इंग्रजी वाक्यात थीमच्या नावासाठी जागा मोकळी ठेवलेली असते व नाव ऐनवेळी तीत भरले जाते. इंग्रजीत ते जसेच्या तसे बसते. मराठी नाम मात्र प्रत्यय लागण्यापूर्वी सामान्यरूप धारण करते. ‘अकोला’ या नामाचे ‘अकोल्यात’ होते. रिकाम्या जागेला सामान्यरूप कोठून येणार? तिच्यापुढे ‘मध्ये’ जोडणारा अनुवादक ‘अकोलामध्ये’ असले रूप जन्मास घालतो. लिंगाचीही तीच गत : अमुक ‘सापडला नाही’ की ‘सापडली नाही’? वस्तुतः यावरचा उपाय बोलीतही नित्य वापरात आहे. ‘अमुक या थीममध्ये’ असे म्हटले की प्रत्यय व लिंग यांचा भार ‘थीम’ हे जातिवाचक नाम उचलते आणि विशेषनाम अविकृत राहते. अनुवादकापुढे वाक्य सुटे येते, हे खरे. संदर्भ जोडण्याची सोय प्रणालीत असूनही ती लिहिणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे.

शब्दाची निवडही विचारणीय ठरते. चूक कर्त्याची असते, त्रुटी म्हणजे उणीव, बिघाड यंत्राचा. गुप्तशब्द खोटा पडला तर ती चूक. थीम कोसळली तर तो बिघाड. इंग्रजी ‘एरर’ या तिन्हींना एकाच पोटात घेतो. वऱ्हाडातील एखाद्या ग्रंथालयाच्या लिपिकाने पडद्यावर ‘चूक झाली’ असे वाचले, तर ‘माहं काय चुकलं?’ हा त्याचा प्रश्न रास्तच म्हणावा लागेल. त्यात पत्र ज्या पत्त्यावर जाते तो स्थळ उभारून देणाऱ्या पूर्वीच्या माणसाचा असला, तर पडद्यावरील त्या दोन शब्दांपलीकडे लिपिकाच्या हाती काहीच येत नाही.

एम्बेडचा, म्हणजे एका स्थळावरील लेख दुसऱ्याच्या पानात चौकटीसह आणून बसविण्याचा, प्रश्न अधिक नाजूक आहे. डिसेंबर २०१५ मधील ४.४ या आवृत्तीपासून वर्डप्रेसचे लेख असे बसविता येतात. रचना विचारपूर्वक केलेली दिसते : आधी शीर्षक व दुवा असलेले अवतरण, मागाहून चौकट, चौकट आली की अवतरण झाकले जाते. पण मूळ लेख काढून टाकला गेला की चौकटीत केवळ ‘येथे काही सापडले नाही’ अशा अर्थाचे वाक्य व मूळ स्थळाचा दुवा उरतो. जे हरवले त्याचे नाव प्रणालीपाशी साठविलेले असते, आणि तेच ती झाकून ठेवते.

या जिल्ह्यातील ऋद्धिपूरचा दाखला येथे अप्रस्तुत ठरू नये. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी नष्ट झाल्यावर, महानुभाव परंपरेनुसार, ती स्मरणातून पुन्हा जुळविली गेली, आणि कोणता पाठ कोणाचा, हे पोथ्यांतून नमूद होत राहिले. मूळ गेले तरी नाव गेले नाही. वर्डप्रेसला हे साधण्यास नवे यंत्र नको. लेख न सापडल्यास अवतरण झाकू नये, आणि त्याखाली ‘हा लेख मूळ ठिकाणाहून काढण्यात आला आहे’ एवढे वाक्य यावे. त्यातील ‘हा लेख’ हे शब्द गाळता कामा नयेत. क्रियापदाचे लिंग त्यांवरच ठरते.